विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तंत्रशिक्षण व व्यवसाय शिक्षण: प्रवेशाच्या विचारापासून कार्यशाळेपर्यंत

तंत्रशिक्षण संस्थेत एखादा अंध, कर्णबधिर, व्हीलचेअर वापरणारा किंवा अध्ययन अक्षमता असलेला विद्यार्थी चौकशीला येतो, तेव्हा समोरून बहुधा पहिला प्रश्न येतो, "हे काम तुला जमेल का?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे कोणालाच शक्य नसते, कारण 'हे काम' म्हणजे नेमके काय, याची फोड तोपर्यंत कोणी केलेली नसते. म्हणून चौकशी वेगळ्या ठिकाणापासून सुरू करावी लागते. या अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याने काय करून दाखवणे अनिवार्य आहे, आणि ते करण्याची जी पद्धत वर्गात व कार्यशाळेत रूढ आहे तिच्यातला कोणता भाग बदलला तरी कौशल्य तेच राहते, हे आधी वेगळे करून पाहावे. पुढील सर्व पायऱ्या या एका भेदावर उभ्या आहेत. हा लेख प्रथमच या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. असा विद्यार्थी वर्गात पहिल्यांदा येणार असलेल्या निदेशकांनाही तो उपयोगी पडावा.

पहिली पायरी: स्वतःच्या गरजांची नोंद

वैद्यकीय निदानाचे नाव कार्यशाळेत फारसे उपयोगी पडत नाही. दोन विद्यार्थ्यांच्या कागदावर 'अल्पदृष्टी' असेच लिहिलेले असू शकते; परंतु त्यांतील एकाला मोठे अक्षर आणि भरपूर उजेड असला की सर्व वाचता येते, तर दुसऱ्याला बारीक अक्षरही स्वच्छ दिसते पण दृष्टीचे क्षेत्र इतके अरुंद असते की बाजूने येणारी ट्रॉली किंवा फिरणारा भाग त्याच्या लक्षात येत नाही. पहिल्याला भिंग आणि दिवा हवा आहे, तर दुसऱ्याला यंत्रांच्या मांडणीत बदल आणि ये-जा करण्याचा ठरलेला मार्ग हवा आहे.

म्हणून प्रवेशाच्या किमान एक वर्ष आधी, घरी बसून, कामाच्या भाषेत एक नोंद तयार करावी. वाचणे, लिहिणे, ऐकणे, उभे राहणे, चालणे, हात पोहोचण्याची उंची, पकड, वजन उचलणे, सूचनांचा क्रम लक्षात ठेवणे, आवाज आणि प्रखर प्रकाश सहन होणे, थकवा येणे, यांपैकी प्रत्येकाबाबत सध्या आपण काय करतो, कोणत्या साधनाने किंवा मदतीने ते जमते आणि कुठे अडते, हे दोन-दोन वाक्यांत लिहावे. कालावधीची नोंद विशेष महत्त्वाची आहे. शाळेतील तासिका पाऊण तासाची असते, तर तंत्रशिक्षणातील प्रात्यक्षिक सलग तीन तास चालू शकते, तेही उभ्याने. अर्धा तास उभे राहता येते आणि तीन तास उभे राहता येते यांत फार अंतर आहे. झोप आणणारी औषधे, अपस्माराचे झटके आणि ते औषधाने किती नियंत्रणात आहेत, शरीरात बसवलेले हृदयासाठीचे पेसमेकर किंवा ऐकण्यासाठीचे कॉक्लिअर इम्प्लांट यांसारखे उपकरण, या गोष्टी येथे लपवू नयेत. वेल्डिंगच्या यंत्राजवळ प्रबळ विद्युतचुंबकीय क्षेत्र असते, त्यामुळे असे उपकरण असणाऱ्याने आपल्या डॉक्टरांचा आणि उपकरणाच्या निर्मात्याच्या सूचनांचा सल्ला शाखा निवडण्यापूर्वीच घेतला पाहिजे.

ही नोंद विद्यार्थ्याने स्वतः करावी, किंवा निदान स्वतः सांगून लिहवून घ्यावी. शाळेत असताना पालक आणि शिक्षक त्याच्या वतीने बोलतात. उच्च शिक्षणात बहुतेक ठिकाणी सोय मिळण्यासाठी विद्यार्थ्यालाच ती मागावी लागते, आणि आपल्याला काय हवे हे शांतपणे, नेमक्या शब्दांत सांगता येणे हे या शिक्षणाच्या पूर्वतयारीचाच भाग आहे.

दुसरी पायरी: अभ्यासक्रम बारकाईने वाचणे

संस्थेचे माहितीपत्रक पुरेसे नसते. ज्या शाखेचा विचार आहे तिचा संपूर्ण अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकांची यादी आणि मूल्यमापनाची पद्धत मिळवावी, आणि त्यातील क्रियापदांकडे लक्ष द्यावे. 'रोधकाचे (रेझिस्टरचे) मूल्य निश्चित करणे' आणि 'रंगीत पट्ट्यांवरून रोधकाचे मूल्य ओळखणे' या दोन वाक्यांत फार मोठा फरक आहे. पहिले वाक्य अंध विद्यार्थी विद्युत मोजमाप बोलून सांगणाऱ्या मल्टिमीटरने आणि रंगांधळा विद्यार्थी साध्या मल्टिमीटरने पूर्ण करू शकतो. दुसरे वाक्य मात्र पद्धतच सांगते, आणि ती पद्धत अनिवार्य का आहे हे विचारण्याचा विद्यार्थ्याला अधिकार असला पाहिजे. (लाल-हिरव्या रंगांची गल्लत युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्के जणांत आढळते. तारांचे आणि रोधकांचे रंग ओळखायची वेळ येईपर्यंत अनेकांना स्वतःलाही त्याची कल्पना नसते, म्हणून विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने रंगदृष्टीची तपासणी आधी करून घेणे इष्ट.)

यंत्रशाळेतील एक उदाहरण पाहू. लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर) काम करणारे अनुभवी कारागीर हत्याराची धार बोथट झाल्याचे आवाजावरून ओळखतात, आणि त्यामुळे कर्णबधिर विद्यार्थ्याला हे काम शिकवता येणार नाही असे अनेक निदेशकांना मनापासून वाटते. परंतु येथे अनिवार्य कौशल्य 'धार गेल्याचे वेळीच ओळखणे' हे आहे. कापताना निघणाऱ्या धातूच्या चिपांचा रंग आणि आकार बदलतो, कापलेल्या पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा जातो, कंपन वाढते, आणि आधुनिक यंत्रांवर भार दाखवणारा मापकही असतो. आवाज हा अनेक खुणांपैकी एक आहे आणि बाकीच्या खुणा पद्धतशीर शिकवल्या तर त्याचा लाभ ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही होतो.

संगणकाच्या शाखांमध्ये अंध विद्यार्थ्यांसाठी वाट बरीच मोकळी झाली आहे. २००६ मध्ये सुरू झालेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) विनामूल्य मिळतो आणि तो ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा उच्चाराने किंवा सुरांनी कळवू शकतो. पायथॉनसारख्या भाषेत, जिथे त्या मोकळ्या जागेला अर्थ असतो, ही सोय निर्णायक ठरते. चित्रातले ठोकळे ओढून जोडण्याच्या पद्धतीने प्रोग्रॅमिंग शिकवले जात असेल तर मात्र अडचण येते, आणि तेव्हा तोच पाठ मजकुराच्या भाषेत घेण्याची विनंती करावी. औद्योगिक स्वयंचलनातही असेच आहे. पीएलसी (यंत्रांचे नियंत्रण करणारा औद्योगिक संगणक) शिकवताना बहुतेक ठिकाणी शिडीसारख्या आकृत्यांची लॅडर पद्धत वापरतात, परंतु आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकातच स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही मजकुराची भाषा समाविष्ट आहे. तेच तर्कशास्त्र त्या भाषेत लिहिले तर स्क्रीन रीडर ते वाचतो.

अभियांत्रिकी रेखाचित्र हा विषय अंध विद्यार्थ्यांना अनेकदा परत पाठवणारा विषय आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. या विषयात दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात: वस्तूचे वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारे रूप आणि तिचे छेद मनात स्पष्ट करणे ही एक, आणि ते कागदावर किंवा पडद्यावर रेखाटणे ही दुसरी. पहिली गोष्ट स्पर्शाने शिकता येते. उष्णता दिल्यावर काळ्या रेषा फुगून वर येणारा कागद असतो, टोकाने दाबले की उंचवटा उठणारी आरेखनाची पारदर्शक फिल्म असते, आणि प्रत्यक्ष कापलेले लाकडी किंवा प्लॅस्टिकचे नमुने तर कोणतीही कार्यशाळा बनवू शकते. ओपनएससीएडी या प्रणालीत त्रिमितीय वस्तू मजकुराने लिहूनच तयार होते आणि ती त्रिमितीय मुद्रकावर छापून हाताने तपासता येते. परंतु माउसवर चालणाऱ्या व्यावसायिक कॅड (संगणकीय आरेखन) प्रणालींमध्ये दिवसभर आरेखन करणे हे या साधनांनी आज सुकर होत नाही, आणि आरेखक म्हणूनच नोकरी करायची असेल तर हे अंध विद्यार्थ्याला निवडीपूर्वी स्पष्ट सांगणे ही मार्गदर्शकाची जबाबदारी आहे. अभियांत्रिकीचा एक विषय म्हणून रेखाचित्र उत्तीर्ण होणे ही बाब त्याहून निराळी आहे. आरेखकाच्या नोकरीतील अडचणीकडे बोट दाखवून हा विषय शिकण्यास नकार देऊ नये.

काही बाबी खरोखर अनिवार्य असतात. अवजड वाहने चालवणे, उंचावरील काम किंवा विद्युत कामाचे काही परवाने यांना स्वतंत्र वैद्यकीय निकष असू शकतात, आणि पदविका मिळूनही परवाना न मिळाल्यास दोन-तीन वर्षांचे श्रम वाया जातात. ज्या व्यवसायात परवाना लागतो तेथे परवाना देणाऱ्या यंत्रणेचे निकष प्रवेशापूर्वी मूळ कागदावर वाचावेत, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

तिसरी पायरी: आपला आधार माहीत असणे

संयुक्त राष्ट्रसंघाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला आणि तो ३ मे २००८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ च्या पाचव्या परिच्छेदात सर्वसाधारण उच्च शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण, प्रौढ शिक्षण आणि आजीवन शिक्षण हे भेदभावाविना आणि इतरांच्या बरोबरीने मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी वाजवी सोय पुरवली पाहिजे, असे म्हटले आहे. कलम २७ मध्ये तांत्रिक व व्यावसायिक मार्गदर्शन आणि प्रशिक्षण यांचा पुन्हा स्वतंत्र उल्लेख आहे. 'वाजवी सोय' ही संज्ञा कलम २ मध्ये स्पष्ट केली आहे: विशिष्ट प्रसंगी आवश्यक आणि योग्य असे बदल, जे संस्थेवर अवाजवी किंवा प्रमाणाबाहेर भार टाकत नाहीत. अशी सोय नाकारणे हाही त्या करारानुसार भेदभावच ठरतो.

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ आणि १९९० चा दिव्यांगांविषयीचा कायदा लागू होतो, ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे, आणि भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय व शासकीय अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव ठेवण्याची आणि कमाल वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट देण्याची तरतूद केली आहे. जिथे शिकायचे आहे तिथल्या कायद्यात प्रवेश, परीक्षा आणि सोयी यांविषयी काय म्हटले आहे ते शोधून त्या कलमांची एक प्रत जवळ ठेवावी. ती पहिल्याच भेटीत समोर ठेवण्याची गरज नसते. बहुतेक निदेशक मदत करायला तयार असतात आणि त्यांना केवळ काय करायचे ते माहीत नसते. त्यांच्याशी बोलणे कामाच्या तपशिलापासून सुरू करणे अधिक फलदायी ठरते.

चौथी पायरी: कागदपत्रे

येथे फार लिहिण्यासारखे नाही, परंतु उशीर याच पायरीवर होतो. प्रमाणपत्राव्यतिरिक्त, दैनंदिन कामावर होणारा परिणाम सांगणारा तज्ज्ञाचा अलीकडचा अहवाल आणि शाळेत मिळालेल्या सोयींचा लेखी पुरावा असावा. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत लहानपणी केलेले मूल्यमापन अनेक संस्था ग्राह्य धरत नाहीत, आणि नव्या मूल्यमापनासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागू शकते. तज्ज्ञाला भेटताना पहिल्या पायरीतील नोंद सोबत न्यावी, म्हणजे अहवालात 'अतिरिक्त वेळ द्यावा' एवढ्याऐवजी तो कोणत्या कामासाठी आणि का लागतो हेही लिहिले जाईल.

पाचवी पायरी: संस्थेला भेट

अर्ज करण्यापूर्वी संस्था प्रत्यक्ष पाहावी, आणि शक्य असल्यास प्रात्यक्षिक चालू असताना पाहावी. रिकामी कार्यशाळा शांत, प्रशस्त आणि सोयीची दिसते. चालू कार्यशाळेत आवाज असतो, जमिनीवर केबल आणि तेल असते, आणि रस्त्यात कच्चा माल ठेवलेला असतो.

व्हीलचेअर वापरणाऱ्याने मोजपट्टी सोबत न्यावी. ज्यांच्याशी तुलना करता येईल अशी मापे म्हणून अमेरिकी सुगम्यता मानकांतील आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत: दाराची मोकळी रुंदी किमान ८१५ मिमी, वळण्यासाठी १५२५ मिमी व्यासाची जागा, रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा, आणि कामाच्या पृष्ठभागाची उंची ७१० ते ८६५ मिमी. मुख्य इमारतीला रॅम्प असतो आणि कार्यशाळेच्या दाराला उंच उंबरठा असतो, असे वारंवार दिसते. म्हणून वर्ग, कार्यशाळा, ग्रंथालय, वसतिगृह आणि स्वच्छतागृह हा दिवसभराचा पूर्ण मार्ग स्वतः पार करून पाहावा. कामाच्या बाकाखाली गुडघे जाण्याइतकी पोकळी आहे का, यंत्र तातडीने बंद करण्याचे लाल बटण बसल्या जागेवरून हाताला लागते का, आणि लिफ्ट बंद पडली तर दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेचा तास कुठे होतो, हे विचारावे.

भेटीत संस्थेतील जबाबदार व्यक्ती कोण, हे निश्चित करून घ्यावे. समान संधी कक्ष किंवा दिव्यांग विद्यार्थी कक्ष असेल तर तेथील अधिकारी, नसेल तर विभागप्रमुख. भेटीनंतर दोन दिवसांत त्यांना एक छोटे पत्र पाठवावे. त्यात मागणी अशा स्वरूपात मांडावी: "मी ओठांच्या हालचाली पाहून बोलणे समजून घेतो. यंत्र चालू असताना निदेशकांकडे आणि हत्याराकडे एकाच वेळी पाहता येणार नाही. म्हणून प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या सूचना यंत्र सुरू करण्यापूर्वी समोरासमोर आणि लेखी स्वरूपात मिळाव्यात, ही विनंती." परिस्थिती, अडणारे काम आणि सुचवलेला उपाय अशी तीन वाक्ये पुरतात. ज्या पत्राला 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देता येते त्यालाच उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. 'सर्वतोपरी सहकार्य करावे' अशा शब्दांतील पत्राला सद्भावनेचे उत्तर मिळते आणि प्रत्यक्षात काही बदलत नाही.

सहावी पायरी: प्रवेश परीक्षा

लेखनिक, अतिरिक्त वेळ, मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिका, संगणकावर वाचून दाखवणारी प्रणाली यांची मागणी अर्जातच करावी लागते आणि अर्जाची मुदत संपली की ती बहुधा स्वीकारली जात नाही. परीक्षा संगणकावर होणार असेल तर सराव चाचणी आपल्याच साधनांनी आधी देऊन पाहावी, कारण पडदा मोठा केल्यावर प्रश्नाचा काही भाग बाहेर जाणे किंवा आकृतीचे वर्णन नसणे या अडचणी परीक्षेच्या दिवशी सुटत नाहीत.

लेखनिकाबरोबर तंत्रविषयांचा सराव वेगळा करावा लागतो. 'एक्स वर्ग अधिक दोन भागिले तीन' हे ऐकून दोन निरनिराळी पदे लिहिता येतात. कंस कुठे उघडला आणि कुठे बंद झाला, छेदात काय आहे, घातांक कुठे संपला, हे प्रत्येक वेळी उच्चारण्याची एकच ठरलेली पद्धत विद्यार्थ्याने अंगवळणी पाडावी, आणि लेखनिक नवखा असेल तर परीक्षेपूर्वी ती त्याला समजावून सांगण्याइतका वेळ मागून घ्यावा.

सातवी पायरी: अभ्यासाचे साहित्य

प्रवेश निश्चित झाला की लगेच पहिल्या सत्राच्या पुस्तकांची आणि प्रयोगपुस्तिकांची यादी मागावी. छापील पानाचे छायाचित्र असलेली पीडीएफ स्क्रीन रीडरच्या दृष्टीने कोरी असते. मजकूर असलेली फाइल, शक्यतो ईपब किंवा डेझी या डिजिटल पुस्तकांच्या स्वरूपात, आणि गणिती सूत्रे मॅथएमएल या सूत्रे लिहिण्याच्या संगणकीय पद्धतीत असतील तर ती नीट वाचली जातात. ब्रेलमध्ये गणित शिकलेल्या विद्यार्थ्याने आपण नेमेथ संहिता (गणितासाठीची ब्रेल चिन्हपद्धती) वापरतो की एकीकृत इंग्रजी ब्रेलची गणिती चिन्हे, हे सांगावे, नाहीतर परिश्रमपूर्वक तयार केलेली पुस्तके वाचताच येत नाहीत. प्रकाशकाची परवानगी हा पूर्वी मोठा अडथळा होता. २०१३ चा मराकेश करार, जो ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आहे, दृष्टिबाधित आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या इतर व्यक्तींसाठी सुगम्य प्रती तयार करण्यास आणि सहभागी देशांमध्ये त्यांची देवाणघेवाण करण्यास मुभा देतो. त्यामुळे आपले पुस्तक दुसऱ्या देशातील अधिकृत संस्थेने आधीच तयार केले आहे का, हे ग्रंथपालांना शोधायला सांगता येते.

प्रयोगशाळेतील संगणक प्रणाली हा दुर्लक्षित विषय आहे. माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने ती प्रणाली चालवून पाहणे ही सर्वात सोपी चाचणी होय. अंध विद्यार्थ्याप्रमाणेच हाताच्या हालचाली मर्यादित असलेल्या विद्यार्थ्यालाही तिचे उत्तर हवे असते.

आठवी पायरी: कार्यशाळा आणि प्रयोगशाळा

इतर उच्च शिक्षणाहून हे शिक्षण वेगळे होते ते येथे, आणि येथेच सर्वाधिक विचार करावा लागतो. सत्र सुरू होण्यापूर्वी निदेशकांसह एक तास यंत्रे बंद असताना कार्यशाळेत घालवावा. अंध विद्यार्थ्याने प्रत्येक यंत्राची मूठ, रक्षक आवरण, हत्याराची जागा आणि तातडीचे बटण हाताने ओळखून घ्यावे. स्वमग्न विद्यार्थ्याने आवाज सुरू होण्याचा क्रम, गर्दीची वेळ आणि थोडा वेळ बाहेर जाऊन बसण्याची जागा समजून घ्यावी. एखादे यंत्र हलवले किंवा साहित्याची जागा बदलली तर ते त्याच दिवशी विद्यार्थ्याला सांगण्याची जबाबदारी कोणाची, हेही ठरवावे.

मोजमापासाठी बोलणारी साधने मिळतात, आणि ज्या डिजिटल व्हर्निअरमधून आकडा थेट संगणकात जातो तो आकडा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. एका हाताने काम करणाऱ्यासाठी पकड घेणारे शिकंजे, पायाने चालणारे स्विच आणि वस्तू ठरलेल्या जागी बसवणारे जिग व फिक्स्चर वापरता येतात. जिग बनवणे हे तर यंत्रशाळेचेच काम आहे; एखाद्या वर्गाने आपल्या सहाध्यायासाठी जिग आखून तयार करणे हा अभ्यासक्रमातीलच उत्तम प्रकल्प ठरू शकतो. वाचनाची अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना कामाचा क्रम चित्रांसह पायरीपायरीने यंत्राजवळ लावलेला असला तर लेखी पुस्तिकेची उणीव भासत नाही, आणि अतिरिक्त वेळापेक्षा हा उपाय त्यांना अनेकदा अधिक उपयोगी पडतो.

कर्णबधिर विद्यार्थ्यांबाबत तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. पहिली, धोक्याची सूचना दिसेल किंवा जाणवेल अशी असावी: लुकलुकणारा दिवा, किंवा अंगावर बाळगायचे कंप पावणारे उपकरण. वेल्डिंगची ढाल चेहऱ्यावर असताना दिवा दिसत नाही, म्हणून तेथे दुसरा मार्ग लागतोच. दुसरी, सांकेतिक भाषेचा दुभाषी कुठे उभा राहील. फिरत्या यंत्रामागे तो उभा असेल तर विद्यार्थ्याची नजर हत्यारावरून उठते, म्हणून आधी सूचना, मग थांबा, मग काम, असा क्रम पाळावा. दीर्घ तासाला दोन दुभाषी आलटून पालटून लागतात. तिसरी, तांत्रिक शब्दांच्या खुणा. अनेक शब्दांना रूढ खूण नसते, आणि प्रत्येक तासाला नवी खूण वापरली गेली तर गोंधळ होतो. दुभाषी, निदेशक आणि विद्यार्थी यांनी सत्राच्या प्रारंभी शब्दसूची करून खुणा निश्चित कराव्यात. कर्णबधिरांना तंत्रशिक्षण देण्याचा संस्थात्मक अनुभव जगात नवा नाही: अमेरिकेतील रॉचेस्टर येथील कर्णबधिरांची राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्था १९६५ च्या कायद्याने निर्माण झाली आणि तिथे १९६८ पासून विद्यार्थी शिकत आहेत.

प्रात्यक्षिकात मदतनीस घ्यावा लागत असेल तर त्याची भूमिका लेखी ठरवावी. मदतनीस हा विद्यार्थ्याचे हात किंवा डोळे होतो, निर्णय विद्यार्थ्याचा राहतो. "तिसऱ्या क्रमांकाच्या टोकाला लाल प्रोब लाव आणि वाचन सांग" हे विद्यार्थ्याने म्हणायचे. मदतनीसाने चूक दिसली तरी, धोका नसेल तर, ती दुरुस्त करायची नाही. असे न केल्यास परीक्षकाला कौशल्य कोणाचे आहे हे कळत नाही, आणि विद्यार्थ्यालाही ते खऱ्या अर्थाने येत नाही. सहाध्यायी मायेने त्याचे काम करून टाकतात आणि तो गटात बसून निरीक्षणे उतरवत राहतो, हे या शिक्षणातील सर्वात सामान्य आणि सर्वात घातक वंचितता आहे, कारण त्यात कोणाचाही हेतू वाईट नसतो आणि गुणपत्रिकेत ते दिसत नाही. प्रत्येक प्रात्यक्षिकात या विद्यार्थ्याने स्वतः काय केले, याची नोंद निदेशकांनी ठेवावी.

इमारत रिकामी करण्याचा आराखडा प्रत्येकाच्या बाबतीत वेगळा लिहावा लागतो. आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. मग व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी कुठे थांबेल, त्याला कोण आणि कशाच्या साहाय्याने खाली नेईल, ती व्यक्ती गैरहजर असेल तर कोण, ही नावे कागदावर हवीत आणि सरावाच्या दिवशी त्याला वगळू नये.

नववी पायरी: उमेदवारी आणि कारखान्यातील प्रशिक्षण

संस्थेत ठरलेल्या सोयी विद्यार्थ्याबरोबर कारखान्यात आपोआप जात नाहीत. दोन वर्षे सुरळीत शिकलेला विद्यार्थी उमेदवारीच्या पहिल्या आठवड्यात अडतो, कारण तिथल्या पर्यवेक्षकाला कोणी काहीच सांगितलेले नसते. म्हणून प्रशिक्षण सुरू होण्याच्या एक सत्र आधी संस्था, कारखाना आणि विद्यार्थी यांची बैठक व्हावी, आणि तीत कोणती कामे दिली जातील, साधनांचा खर्च कोण करील, संस्थेच्या मालकीचे साधन बाहेर नेता येईल का, व पाळीच्या वेळेला येण्याजाण्याची सोय काय, हे ठरावे. आपल्या स्थितीविषयी किती सांगायचे हा विद्यार्थ्याचा निर्णय असतो. सुरक्षिततेशी संबंधित बाबी मात्र पर्यवेक्षकाला माहीत असणे आवश्यक आहे. मानसिक आजार किंवा अध्ययन अक्षमता असलेले विद्यार्थी निदान न सांगता केवळ गरज सांगू शकतात: "तोंडी सूचना दोनपेक्षा अधिक असतील तर कृपया लिहून द्याव्यात."

नकार आला तर

कारण लेखी मागावे. तोंडी दिलेला नकार बहुधा 'सुरक्षा' या एका शब्दात संपतो, आणि त्या शब्दावर चर्चा करता येत नाही. लेखी कारण मागितले की कोणत्या प्रात्यक्षिकात, कोणत्या यंत्रावर, कोणता धोका, आणि तो कमी करण्याचे कोणते उपाय तपासले, हे संस्थेला लिहावे लागते. निदान ते लिहिलेले नाही हे तरी स्पष्ट होते. धोक्याचे मूल्यमापन त्या विद्यार्थ्याचे आणि त्या कामाचे असावे. 'अंध विद्यार्थ्यांना यंत्रशाळेत परवानगी नाही' असे सरसकट विधान म्हणजे मूल्यमापन नव्हे.

उत्तरादाखल त्या प्रात्यक्षिकासाठी पर्याय सुचवावा, आणि निदेशकांसमोर एकदा करून दाखवण्याची संधी मागावी. पर्याय मागताना आपलीही भूमिका नेमकी ठेवावी: अनिवार्य कौशल्यातून माफी मागू नये, ते दाखवण्याची दुसरी पद्धत मागावी. प्रात्यक्षिक माफ झालेली पदविका पुढे नोकरीत अडचणीची ठरते, आणि माफी देणे संस्थेला सोपे वाटत असल्यामुळे ती अनेकदा पुढे होऊन दिली जाते. तरीही नकार कायम राहिला तर संस्थेचा तक्रार निवारण कक्ष, विद्यापीठ किंवा तंत्रशिक्षणाचे मंडळ, आणि त्या देशात दिव्यांग हक्कांसाठी नेमलेला आयुक्त किंवा समकक्ष प्राधिकारी अशा क्रमाने जावे, प्रत्येक ठिकाणी आधीचा पत्रव्यवहार तारखेनुसार जोडावा, आणि प्रवेशाची मुदत जवळ आली असेल तर निर्णय लागेपर्यंत जागा राखून ठेवण्याची किंवा तात्पुरता प्रवेश देण्याची मागणी पहिल्याच अर्जात करावी.